फोटोसाठी आणलेली सायकल

माझ्या शाळेच्या कपाटात एक मरून रंगाचा स्वेटर आहे. सोबत एक चौकटीचा शर्ट, मुलांसाठी तपकिरी पँट, मुलींसाठी तपकिरी ट्यूनिक, काळ्या बुटांचा जोड आणि धुऊन धुऊन विरलेले मोजे. हा गणवेश कुणाचाच नाही. हिवाळ्यात फोटो वर पाठवायची मुदत जवळ आली की तो बाहेर निघतो. एक मूल तो अंगात घालतं, भिंतीसमोर उभं राहतं, मी मोबाईलवर फोटो काढते, आणि मूल स्वेटर डोक्यावरून ओढून मागच्याच्या हातात देतं. दुपारपर्यंत तो स्वेटर गार होत नाही. आसपासच्या बहुतेक शाळांच्या कपाटांत असा एकेक गणवेश आहे. हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे आणि फोटो मागणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

हे मी लाजून सांगत नाही, चिडून सांगते आहे.

आम्ही बनारसचे मराठी. सासर बालाजी घाटाजवळच्या गल्लीत, माहेरही त्याच भागात, त्यामुळे लग्नात माझी पाठवणी झाली ती चार गल्ल्या ओलांडून. पुण्याचे पाहुणे आले की आमची मराठी ऐकून गालात हसतात, कारण आम्ही ‘चाय टाक’ म्हणतो आणि आमची ‘तबियत’ बिघडते. माझी शाळा मात्र शहरात नाही. पूल ओलांडून गंगेपलीकडे गेलं, की भाजीपाल्याचे आणि वाटाण्याचे मळे लागतात, मग कालवा, आणि कालव्याच्या अलीकडे आमची सरकारी प्राथमिक शाळा. पाचवीपर्यंत. मी तिथली प्रभारी मुख्याध्यापिका, म्हणजे कामं सगळी मुख्याध्यापिकेची आणि पगार साध्या शिक्षिकेचा. गावात मला सगळे बहिनजी म्हणतात.

पूर्वी गणवेश शाळेतूनच वाटले जायचे. ठेकेदार एका मापाचे कपडे आणून टाकायचा, पहिलीतल्या पोराच्या बाह्या गुडघ्यापर्यंत यायच्या आणि पाचवीतल्या पोरीची बटणं लागायची नाहीत. मग पैसे थेट आई-बापांच्या खात्यात यायला लागले. गणवेश, स्वेटर, बूट, दप्तर, सगळ्याचे मिळून वर्षातून एकदा. मला ते फार आवडलं होतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर माझा राग कुणीतरी भलत्याच खात्यावर लिहील. पैसे देण्यावर माझा राग नाही. ठेकेदार गेला याचा तर मला आनंदच झाला. ज्या बायकांच्या हातात आजवर नवऱ्याने ठेवले तेवढेच पैसे पडत होते, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात काहीतरी जमा व्हायला लागलं. बाजारात उभं राहून त्या पहिल्यांदा ‘हे नको, ते दाखवा’ म्हणायला लागल्या. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण आपल्याकडे देणाऱ्याचा हात सैल सुटतच नाही. पैसे दिले आणि पाठोपाठ संशय पाठवला. हे लोक दारू पितील, हे लोक पैसे खातील, तेव्हा प्रत्येक मुलाचा गणवेशातला फोटो काढा आणि मोबाईलच्या ॲपमध्ये चढवा. फोटो आला की मुलाच्या नावापुढे हिरवी खूण. खूण नसेल तर शिक्षकाला नोटीस. म्हणून आमच्या कपाटात स्वेटर. गंगेकाठी कुठल्याही घाटावर एकच धोतर आळीपाळीने नेसून दहा यजमान संकल्प सोडतात, तसा आमचा तो स्वेटर. मला त्यात पाप वाटत नाही. ज्या घरी त्या पैशांतून आधी औषध आणावं लागलं, त्या घरच्या पोराला मी भिंतीसमोर उघडं पाडू का?

आता त्या बाईबद्दल सांगते.

तिची वस्ती गावाबाहेर, कालव्याला लागून. नवरा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, छठपूजेला यायचा आणि आठ दिवसांत परत जायचा. घरात सासू, पाचवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. बाई दिवसभर मळ्यांत मजुरीने वाटाणे तोडायची आणि उरलेल्या वेळात गोवऱ्या थापायची. थापून थापून तिच्या बोटांच्या रेषा इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या, की पैसे काढायच्या दुकानात मशीन तिचा अंगठा ओळखायचं नाही. ती अंगठा पदराने पुसायची, तोंडाची वाफ द्यायची, परत टेकवायची. दुकानदार तिला उद्या ये म्हणायचा आणि ती उद्या जायची. तरी खातं माझं आहे, हे ती दोन वाक्यांआड एकदा सांगायचीच.

मुलगी हुशार होती. हुशार म्हणजे पहिली येणारी वगैरे नव्हे, तिच्या चुकासुद्धा विचार करून केलेल्या असायच्या. भागाकार चुकला तर का चुकला ते तीच मला सांगायची. पाचवीचं वर्ष अर्धं सरलं आणि मला नेहमीचा घोर लागला. सहावीची शाळा कालव्यापलीकडे, दूर. वाटेत वीटभट्टी, आणि पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना अरहर माणसाच्या उंचीच्या वर वाढते. रस्त्याने चालणारी मुलगी त्या तुरीत दिसेनाशी होते. भट्टीवरची पोरं वाट अडवतात. काही झालं असं कुणी उघड म्हणत नाही, फक्त त्या वस्तीतून एकही मुलगी आजवर सहावीला गेली नव्हती. पाचवीचा निकाल लागला की घरचे म्हणायचे, बस झालं. मी दरवर्षी घरोघर जाऊन समजूत घालायची आणि दरवर्षी हात हलवत परत यायची.

त्या वर्षी मला जावं लागलं नाही. डिसेंबरच्या एका सकाळी मुलगी शाळेत सायकल हातात धरून आली. जुनीच, पण निळा रंग नव्याने मारलेली, पुढे टोपली, घंटी वाजत नसलेली. सीट अजून तिला उंच होती. वर्गात जाण्याआधी तिने दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, बाजारातला पंक्चरवाला पाहतो तसे. मधल्या सुट्टीत परत दाबून पाहिले. घरी जाताना परत. पुढे रोज तेच. मी गंमत केली, अगं, हवा काय तासातासाला पळते का? तिने मान हलवली आणि तरी दाबून पाहिलंच.

आईला विचारलं तेव्हा कळलं. दोन्ही मुलांच्या गणवेशाचे पैसे आले होते, त्यात वाटाण्याची मजुरी घालून तिने बाजारातून सायकल आणली होती. मी काही म्हणायच्या आत तीच बोलली.

“साइकिल पे रही त निकल जाई, बहिनजी. पैदल वाली के सब रोकेलन.”

चालणारीला सगळे अडवतात, सायकलवर असली की पोरगी निघून जाईल. एवढा साधा हिशेब. वर्षानुवर्षं मी त्या वस्तीत शिक्षणाचं महत्त्व सांगत फिरत होते. सायकल माझ्या डोक्यात आली नव्हती आणि ज्यांनी योजना आखल्या त्यांच्याही आली नव्हती. मुलगी जुन्या गणवेशावर आपल्या चुलतभावाचं जाकीट घालून यायची, थंडीने नाक लाल असायचं, पण ती सायकल सांभाळायची अशी की बाकीची पोरं तिला हात लावायच्या आधी विचारायची. सहावीचं नाव घालायला मीच सोबत जाईन, असं मी आईला कबूल केलं.

जानेवारीत फोटोची मुदत आली. त्या वर्षी नवीन फर्मान होतं, मुलासोबत आईलाही फोटोत उभं करा. मी वस्तीत निरोप धाडला, अमुक दिवशी सगळ्या आयांनी शाळेत यावं. नेमका त्याच दिवशी तपासणीला साहेब येणार असल्याचा फोन सकाळी आला. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. साहेब येतात, भिंतीसमोर दोन-चार फोटो निघताना पाहतात, चहा घेतात आणि जातात. कपाटातला स्वेटर मी काढून ठेवलाच होता.

आया आल्या. बहुतेकींना काय करायचं ते पाठ होतं. पोराला स्वेटर घाला, पदर नीट घ्या, उभ्या राहा, बाजूला व्हा. त्यांना कुणी समजावलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं होतं की हा फोटो खरा नसतो. पत्रिकेत मुलीचं वय दोन वर्षं कमी घालतात तसलाच प्रकार.

एकीनेच ओळखलं नव्हतं. ती फाटकातून आत आली तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तिने सायकल धुऊन पुसून आणली होती. पुढच्या टोपलीला झेंडूची माळ, हँडलच्या मधोमध कुंकवाचा टिळा, आणि निळ्या दांड्याला लाल धागा. नव्या गाडीची पूजा करतात तशी तिने पूजा करून आणली होती. मुलीच्या केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. मुलीने सायकल भिंतीसमोर नेऊन उभी केली, टायर दाबून पाहिला, आणि तिच्या शेजारी ताठ उभी राहिली.

“फोटो में इहो आ जाई न, बहिनजी? सरकार के पइसा से आयल हौ, त सरकारो देख ले.”

तिला खरंच वाटलं होतं की आपल्याला विचारलंय. सरकारने पैसे दिले, आता सरकार विचारतंय की त्याचं काय केलंत, तर दाखवायला नको का? लग्नात कुणी साडी दिली तर ती नेसून देणाऱ्याच्या पाया पडायला जातात, त्याच भावनेने ती आली होती. त्या अंगणात फोटो मनापासून काढायला आलेली ती एकटी बाई होती.

आणि साहेब माझ्या मागेच उभे होते.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. शांत बोलणारे, वयाने माझ्यापेक्षा लहान, मला ‘मैडम, आप’ म्हणणारे. त्यांनी विचारलं, हे काय आहे? ती पदराआडून उत्साहाने सगळं सांगू लागली. दोघांचे पैसे आले, त्यात मजुरी घातली, सायकल घेतली. मी मधे तोंड घालून सांगायला बघत होते की गणवेश आहे, धुवायला टाकलाय. पण खरं बोलणाऱ्या माणसाला आवरणं फार कठीण असतं.

“पैसा ड्रेस का था,” साहेब म्हणाले. “साइकिल का नहीं।”

“सर, लड़की की पढ़ाई पर ही तो लगा है,” मी म्हणाले.

“मद अलग है, मैडम।”

मद म्हणजे खर्चाचं खातं. गणवेशाचं खातं वेगळं, सायकलीचं वेगळं. मी त्यांना कालवा सांगितला, भट्टी सांगितली, अरहर सांगितली. त्या वस्तीतून आजवर एकही मुलगी सहावीला गेलेली नाही हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि परत म्हणाले की मद अलग है. मग त्या बाईकडे वळून सगळ्यांच्या समोर समजुतीच्या सुरात म्हणाले, की याला दुरुपयोग म्हणतात, असं झालं तर पैसे परत घेतले जाऊ शकतात, आणि पुढचे थांबू शकतात. आठ दिवसांत मुलांचे गणवेशातले फोटो चढले पाहिजेत. ज्या बायकांनी पोरांना कपाटातला स्वेटर घालून फोटो काढून घेतले होते, त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्यापैकी एकीवरही ठपका आला नाही. तो आला जिने झेंडूची माळ घातली तिच्यावर.

तिने माळ काढली नाही. सायकल वळवली आणि मुलीला घेऊन गेली. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि तिला बजावलं, सायकलीला हात लावू नकोस, दोन्ही गणवेश मी घेऊन येते, माझ्या पैशाने. सोमवारी आणते. ती हो म्हणाली. ती हो म्हणाली म्हणून मी निर्धास्त झाले. इतक्या वर्षांत मला एवढं कळायला हवं होतं की या बायका नाही कधीच म्हणत नाहीत.

संध्याकाळी घरी आले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. माझे सासरे ओसरीवर चहा घेत बसले होते. आयुष्यभर त्यांनी संस्कृत शिकवलं, अजून दोन-तीन विद्यार्थी घरी येतात, स्वभावाने मऊ माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण सूनबाई, साहेबाचंही अगदीच चूक नाही. फुकटचा पैसा माणसाला बिघडवतो. आज सायकल, उद्या आणखी काही. नियम हवाच.”

दुसरा कुणी बोलला असता तर मी गप्प बसले असते. पण त्या ओसरीवर ते वाक्य मला सहन झालं नाही.

“मामंजी, वर्षासन काय होतं मग?”

बाहेरच्यांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. दक्षिणेतल्या संस्थानांकडून काशीतल्या ब्राह्मणांना दरवर्षी ठरावीक रक्कम यायची, तिला वर्षासन म्हणायचे. आमच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या आली. शिवाय पलीकडच्या गल्लीत अन्नछत्र होतं, दोन वेळचं जेवण तिथे. हे घर त्यावर उभं राहिलं, आणि यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. उलट पितृपक्षात मामंजींच्या आजोबांच्या श्राद्धाला, खीर-वडे झाले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. वर्षासन मिळायचं ते श्रावणात राजघराण्यासाठी अनुष्ठान करायचं म्हणून. एका वर्षी आजोबांनी ब्राह्मण बसवले नाहीत, एकट्यानेच अनुष्ठान उरकलं, आणि वाचलेल्या पैशांतून थोरल्या मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. तो मुलगा पुढे कॉलेजात शिकवायला लागला आणि घराचं नशीब फिरलं. गोष्ट संपली की सगळे कौतुकाने माना डोलावतात. काय दूरदृष्टी होती!

“त्यांचा मद अलग नव्हता?” मी विचारलं. “अनुष्ठानाचे पैसे शाळेत घातले, ती दूरदृष्टी. आणि स्वेटरचे पैसे सायकलीत घातले, तो दुरुपयोग. का? त्यांच्या नावापुढे शास्त्री होतं म्हणून?”

“अगं, ते विद्या सांभाळत होते,” मामंजी म्हणाले.

“तीही तेच करतेय. आणि तिने एकटीने गुपचूप उरकलं नाही, मामंजी. तिने माळ घालून, टिळा लावून दाखवायला आणलं. आपल्या आजोबांनी संस्थानाला कळवलं होतं का?”

त्यांनी कप खाली ठेवला. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली आणि ती इतक्या जोरात मळली की सासूबाईंनी परात माझ्या हातून काढून घेतली. थोड्या वेळाने मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, “मुलांचे गणवेश मी आणतो. उद्या चौकातून. मापं सांग.” त्यांचं उत्तर ते होतं, आणि ते मला पुरलं.

ते खरंच घेऊन आले. सोमवारी मी दोन्ही गणवेश पिशवीत घालून स्कूटीला अडकवले आणि नेहमीपेक्षा लवकर निघाले. शाळेच्या अलीकडच्या वळणावर मुलगी दिसली. भावाचा हात धरून चालत येत होती. दोघांच्याही अंगावर नवे कोरे कपडे, घड्यांच्या खुणा तशाच, मरून स्वेटर, काळे बूट. सायकल नव्हती.

मी थेट वस्तीवर गेले. आई गोवऱ्या थापत होती. मला पाहून तिने हात पुसले आणि घाईघाईने सांगायला लागली, जणू मी तपासणीलाच आले होते, की दोघांचाही पूर्ण सेट आणलाय, बूटसुद्धा. सायकल ज्याच्याकडून घेतली त्याच दुकानदाराला परत दिली होती. त्याने अर्थातच किंमत पाडून पैसे दिले. कमी पडले ते तिने वाटाण्याच्या मळेवाल्याकडून पुढच्या मजुरीवर उचलले.

मी तिच्यावर ओरडले. सांगितलं होतं ना तुला, मी आणते म्हणून? तिने मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाली,

“सब एक्के अँगूठा से जुड़ल हौ, बहिनजी. एगो कटी त सब कटी.”

गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं, की साहेबाने नाव लिहून नेलंय. आता रेशन जाईल, गॅसचे पैसे थांबतील, सासूची पेन्शन बंद होईल. सगळं एकाच अंगठ्याला बांधलेलं आहे, एक कापलं की सगळं कापलं. असं काही होत नाही, हे मी तिला किती समजावलं. पण खरं सांगायचं तर मलाच तरी कुठे ठाऊक होतं, काय होतं आणि काय होत नाही? तिचा तो गुळगुळीत अंगठा, जो मशीनला ओळखू येत नव्हता, त्यावर तिच्या घरातलं प्रत्येक माणूस टांगलेलं होतं. साहेबांनी नुसतं ‘थांबू शकतात’ म्हटलं होतं. अशा घरात तेवढं पुरतं.

पिशवीतले गणवेश मी परत नेले. दुकानदाराकडेही गेले, म्हटलं मीच सायकल विकत घेते. ती आदल्याच दिवशी एका दूधवाल्याने नेली होती. टोपली काढून त्याने कॅन अडकवायला आकडे लावून घेतले होते, असं दुकानदाराने हौसेने सांगितलं.

मग मी फोटो काढले. भिंतीसमोर मुलगी, आई, दुसरीतला मुलगा. त्या मुदतीत मी काढलेल्या फोटोंमध्ये अंगावरचे कपडे स्वतःचे असलेली ती दोनच मुलं असतील. मुलगी कॅमेऱ्याकडे बघत होती, पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. फोटो चढवला. हिरवी खूण आली. महिनाभराने आमच्या शाळेला शंभर टक्के गणवेशाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते भिंतीवर लावायचं असतं. मी कपाटात टाकलं, स्वेटरच्या खाली.

मार्चमध्ये मुलगी पाचवी पास झाली. जुलैत सहावीच्या प्रवेशासाठी मी तिला न्यायला गेले तेव्हा सासू म्हणाली, पाऊस होऊन जाऊ दे. पाऊस होऊन गेला तोवर अरहर वाढली. दुसरी सायकल घेऊन देण्याची गोष्ट मी काढली. आई ऐकून घाबरली. नको बहिनजी, परत कुणीतरी बघेल. तिला आता सायकल म्हणजे गुन्ह्याची वस्तू वाटत होती. ज्या बाईने सरकारला दाखवायला सायकल सजवून आणली, तिला वर्षाच्या आत आपण लपायला शिकवलं. योजनेचा हा परिणाम कुठल्याच ॲपमध्ये चढत नाही. मला विचाराल तर एवढा एकच खरा दुरुपयोग त्यात झाला, आणि तो तिने केला नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेतून परत येताना मळ्याच्या कडेला बायकांची रांग वाटाणे तोडताना दिसली. रांगेत एक मरून ठिपका होता. मी स्कूटी थांबवली. तीच होती, आईच्या शेजारी. स्वेटर चांगला निघाला होता, फक्त बाह्या आखूड झाल्या होत्या. त्या मळ्यात गणवेश घातलेली ती एकटीच मुलगी होती.

आई बांधापर्यंत आली. इकडचं तिकडचं झालं, मुलगा चौथीत कसा चाललाय वगैरे. मग पदर सारखा करत तिने विचारलं,

“ऊ फोटो ठीक आयल रहल न, बहिनजी?”

तिला अजून घोर होता. मी म्हणाले, छान आला होता. दुसरं मी काय सांगणार होते?

मुलगी तोवर माझ्या स्कूटीपाशी गेली होती. मातीने भरलेले हात तिने आधी स्वेटरला पुसले, मग खाली वाकली आणि अंगठ्याने मागचा टायर दाबून पाहिला. मग पुढचा.

“हवा ठीक हौ,” ती म्हणाली, आणि रांगेत परत गेली.